कपाळावरचा दिवा

धाराशिव जिल्ह्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम दुष्काळ उभा राहतो. पाण्याचे टँकर, आटलेल्या विहिरी, बालाघाटाचे उघडेबोडके डोंगर. अशा जिल्ह्यात राहून पावसात, चिखलात व पाण्यात टिकणाऱ्या दिव्याविषयी लिहावे, हे कित्येक वाचकांस विनोदाचे वाटेल. परंतु येथे काही वर्षे काढलेल्या माणसास ठाऊक असते की, या प्रदेशात पाणी पुष्कळदा रात्रीच्या वेळी गाठ घालते. कधी ते कृषिपंपाच्या नळीतून शेतात येते, तर कधी नदी आपले पात्र सोडून घरात शिरते. दोन्ही प्रसंगी माणसास अंधारात, ओल्या मातीत पाय रोवून उभे राहावे लागते, आणि दोन्ही प्रसंगी त्याचे हात रिकामे नसतात. म्हणून कपाळाला बांधावयाच्या दिव्याचा विषय आम्हांस केवळ हौशी गिर्यारोहकांचा वाटत नाही.

या दिव्यास इंग्रजी नाव हेडलँप. आमच्याकडील आठवडी बाजारात मात्र ‘डोक्याची बॅटरी’ म्हटले की दुकानदारास कळते. ही बॅटरी घेणारा गिऱ्हाईक बहुधा शेतकरी असतो. कृषिपंपांना वीज पाळीपाळीने मिळते; कधी दिवसा, कधी रात्री. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही गावांत आता दिवसाची वीज आली आहे. तरीही रात्रीची पाळी ज्यांच्या वाट्यास येते, त्यांना कडाक्याच्या थंडीत दारे धरण्यास जावेच लागते. एका सरीचे पाणी पुरे झाले की मातीने तोंड बुजवायचे आणि दुसरीचे फोडायचे. या कामाला खोरे लागते, व खोऱ्याला दोन हात लागतात. हातातली विजेरी अशा वेळी काखेत किंवा दातांत धरावी लागते. पायाखाली घोणस आहे की ढेकूळ, हे पाहायचे असते तेव्हा नेमका तिचा उजेड आभाळाकडे असतो. २०२४ च्या डिसेंबरात विदर्भातील टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यात येऊन पोहोचला, तेव्हा तर त्या भागातील शेतकऱ्यांना रात्रीचे पाणी नकोसे झाले. तरी पीक वाळू देता येत नाही.

दोन्ही हात मोकळे असण्याचे मोल या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून माणसे निजली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडामातीची घरे माणसांवर कोसळली. आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो व नंतर मदतकार्यासाठी या बाजूस आलो होतो. सास्तूरच्या परिसरातील एका मध्यमवयीन गृहस्थांनी सांगितलेली गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. त्यांच्याजवळ त्या रात्री एक विजेरी होती. ती चांगली पेटतही होती. परंतु दगड उचलायचा तर ती खाली ठेवावी लागे, आणि खाली ठेवली की धुळीखेरीज काही दिसत नसे. अखेर धाकट्या मुलीस त्यांनी विजेरी धरून उभे केले. “पोरीला त्या रात्री ते बघायला लागायला नको होतं,” एवढेच ते म्हणाले. उजेड कोणी धरायचा, हा प्रश्न किती क्रूर होऊ शकतो, हे आम्हांस तेव्हा प्रथम समजले.

हे सर्व आता आठवण्याचे कारण असे की, २०२५ च्या सप्टेंबरात परंडा व भूम तालुक्यांत पावसाने हाहाकार उडविला. सीनाकाठच्या गावांत पाणी शिरले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या, हेलिकॉप्टरने माणसे उचलावी लागली. त्या दिवसांत सरकारी मदत येण्याआधी जो तो शेजाऱ्याच्या मदतीस धावला. आमच्या ओळखीच्या काही तरुणांनीही रात्रभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना व जनावरांना उंचावर हलविण्याचे काम केले. उजेडासाठी त्यांच्यापाशी मोबाइल होते, ते पावसात एकामागून एक बंद पडले. पाणी ओसरल्यावर या मुलांनी वर्गणी काढली आणि बारा डोक्याच्या बॅटऱ्या घेण्याचे ठरविले. पुढच्या पावसाळ्यात नळदुर्ग व रामलिंगच्या सहलींनाही त्या उपयोगी पडतील, असा त्यांचा हिशेब होता. मात्र कोणत्या घ्याव्यात, यावरून दोन तट पडले. एका तटास सर्वांत प्रखर दिवा हवा होता, दुसऱ्यास सर्वांत स्वस्त. शेवटी पैसे आमच्या हाती देऊन ते म्हणाले, “फादर, तुम्हीच ठरवा.”

दुसऱ्याच्या मुलाने कोणता दिवा बांधून पुराच्या पाण्यात उतरावे, हे ठरविणे सोपे नव्हे. आम्ही बाजार पाहिला, जाणत्यांस विचारले, वाचले, आणि हाती आलेले दिवे वापरून पाहिले. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम प्रखरतेविषयी. दिव्याच्या खोक्यावर लुमेनचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. स्वस्त दिव्यांच्या खोक्यांवर हा आकडा कित्येकदा दहा हजारांच्याही पुढे गेलेला दिसतो. मुठीएवढ्या दिव्यातून खरोखरीच तेवढा प्रकाश सतत निघाला, तर तो कपाळावर धरवणार नाही इतका तापेल. अशा आकड्यांना वेसण घालण्यासाठी अमेरिकेत २००९ साली एफएल१ नावाचे मानक ठरविण्यात आले, व नामांकित उत्पादक आज ते पाळतात. त्यानुसार दिवा पेटवताच नव्हे, तर अर्ध्या मिनिटानंतर प्रकाश मोजतात. आणि तो मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून छापतात. हा शेवटचा भाग वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. खोक्यावर चाळीस तास लिहिले असेल, तर चाळीस तास सारखाच उजेड मिळेल असे नव्हे. कित्येक दिवे पहिल्या तासा-दोन तासांतच निम्म्यावर येतात आणि पुढे मिणमिणत राहतात. उलट काही दिव्यांत प्रकाश एका पातळीवर धरून ठेवण्याची योजना असते. ते शेवटपर्यंत सारखे चालतात, पण संपताना लवकर संपतात. कोणत्या जातीचा दिवा आपल्या कपाळावर आहे, हे पाण्यात उतरण्यापूर्वी माहीत असणे बरे.

प्रकाश किती लांब जातो, याचेही माप याच मानकात आहे. जेथे उजेड स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तेथपर्यंतचे अंतर खोक्यावर छापलेले असते. येथे निसर्गाचा एक नियम आड येतो. दुप्पट लांबचे पाहायचे तर चौपट प्रकाश लागतो, आणि चौपट प्रकाशासाठी सेलही त्याच मानाने लवकर उतरतात. शेतात दारे धरणाऱ्यास शंभर मीटर अंतरावरचे पाहण्याचे काम क्वचितच पडते. त्याला पायापुढची दहा हात जमीन सर्व बाजूंनी दिसली पाहिजे. त्यासाठी पसरट झोत हवा. फुरशासारखा वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्याच रंगाचा साप अरुंद, झगझगीत झोताच्या कडेला असला तर दिसतच नाही. (दिवा साप हाकलीत नाही, तो फक्त दाखवितो, गमबूट आणि काठी यांची जागा कोणतीही बॅटरी घेऊ शकत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.) पैलतीरावर अडकलेला माणूस शोधणाऱ्यास मात्र लांब जाणारा झोत लागतो. म्हणून पसरट व अरुंद असे दोन्ही झोत ज्यात आहेत, तो दिवा मदतकार्यास योग्य.

पावसात आणखी एक गंमत घडते, जिला गंमत म्हणणे कठीण आहे. कपाळावरचा दिवा आपल्या डोळ्यांपासून अवघ्या चार बोटांवर असतो. पाऊस दाट असला, धुके असले, किंवा धबधब्याचे तुषार उडत असले, की त्या थेंबांवर पडलेला प्रकाश सरळ आपल्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा जितका प्रखर, तितकी भिंत जाड. अशा वेळी उजेड वाढविण्याचा मोह होतो, आणि तो वाढविला की उरलेसुरले दिसणेही बंद होते. उपाय अगदी साधा आहे. उजेड कमी करावा, आणि दिवा कपाळावरून काढून कमरेला बांधावा किंवा हातात खाली धरावा. असे केल्याने झोत व नजर यांच्या रेषा वेगळ्या होतात. शिवाय खालून तिरपा उजेड पडल्यामुळे दगडांच्या व खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि जमिनीचे उंचसखलपण कळते. यासाठी ज्याचा उजेड अगदी मंद करता येतो, असाच दिवा घ्यावा. मंद उजेडाचा आणखी एक लाभ आहे. मानवी डोळ्यास अंधाराचा पुरता सराव होण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि प्रखर प्रकाशाचा एक झोत तो सराव क्षणात मोडतो.

हे आम्ही नळदुर्गास प्रत्यक्ष अनुभवले. तेथील किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतील, १६१३ सालचे हे काम. पावसाळ्यात बांधावरून नर व मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि त्यांच्या पडद्याआड माणूस कोरडा उभा राहू शकतो. आतील वाट दिवसाही अंधुक, ओली व निसरडी. आमच्याबरोबरच्या एका मुलाने आपला प्रखर दिवा लावून मागे वळून पाहिले, आणि जिना उतरणारे तिघे जण जागच्या जागी थबकले; त्यांना काही दिसेना. या महालावरील फारसी लेखाचा आशय असा सांगतात की, ही वास्तू पाहून मित्रांचे डोळे उजळावेत व शत्रूंचे अंध व्हावेत. त्या जिन्यावर आमच्या मित्राने नेमके उलटे केले होते. तेव्हापासून आम्ही मुलांस एक शिस्त लावली आहे. कोणाशी बोलायचे झाले की आधी दिव्याचे तोंड खाली करायचे, मग आपले तोंड उघडायचे. दिव्याची बिजागरी त्यासाठी हलकी, परंतु जागच्या जागी टिकणारी असावी.

आता पाण्याविषयी. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द खोक्यावर कोणीही छापू शकतो. त्यापुढे आकडा आहे की नाही ते पाहावे. आयपीएक्स या अक्षरांपुढील ४ हा आकडा सांगतो की, सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून दिवा सुरक्षित आहे. ६ म्हणजे जोरदार फवाऱ्यापासून. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही. आणि ८ म्हणजे त्याहून कठीण कसोटीत, जिची खोली व वेळ उत्पादकाने सांगायची असते. डोंगरातल्या साध्या पावसाला ४ पुरतो. पुराच्या पाण्यात, विहिरीवर किंवा ओढा ओलांडताना ७ हून कमी आकड्यावर विसंबू नये. तथापि ही परीक्षा नव्या दिव्याची, स्वच्छ व स्थिर पाण्यात झालेली असते. आपल्याकडील पाणी गढूळ व वाहते असते. दोन वर्षांनी रबराचे कडे कडक होते, त्यावर वाळूचा एक कण बसला तरी पाण्यास वाट मिळते. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण हे तर सर्वांत कच्चे ठिकाण. ते नीट बसलेले नसेल, तर खोक्यावरचा आकडा व्यर्थ आहे.

याची परीक्षा घरी घेता येते. ज्या दिव्यावर ७ किंवा ८ आकडा आहे, त्यातील सेल काढावेत, त्या जागी टिपकागदाचा कोरडा तुकडा ठेवावा, झाकण लावावे आणि दिवा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावा. बाहेर काढून वरून पुसावा, मग उघडावा. टिपकागद खोटे बोलत नाही. ४ आकड्याच्या दिव्यावर फक्त झारीने चारी बाजूंनी पाणी शिंपावे. बुडविण्याचे वचन त्याने दिलेलेच नाही. आम्ही बाजारातून आणलेल्या एका दिव्यावर पाण्यात बुडण्याचे वचन ठळक छापलेले होते, आणि त्याचा टिपकागद दहा मिनिटांत भिजून लगदा झाला. तो दिवा पैसे परत न मिळताही आम्ही बाजूला ठेवला.

उरला प्रश्न सेलांचा, आणि आमच्या मते हाच निर्णायक होय. बाजारातील अगदी स्वस्त चार्जिंगच्या बॅटऱ्यांत पुष्कळदा शिशाचा छोटा संच असतो. तो जड असतो, आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिला की कायमचा मरतो. त्याहून चांगल्या दिव्यांत लिथियमचा सेल येतो. १८६५० या नावाने विकला जाणारा सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो, म्हणून ते नाव. तो हलका आणि दमदार खरा. पण सुटा सेल खिशात नाण्यांबरोबर ठेवल्यास दोन टोके जोडली जाऊन आग लागू शकते. शिवाय तो तालुक्याच्या दुकानातही मिळेलच असे नाही. पेन्सिल सेल मात्र खेड्यातल्या किराणा दुकानात मिळतात. पूर आला की पहिली जाते ती वीज, आणि ती कित्येकदा दिवसच्या दिवस परत येत नाही. जो दिवा केवळ चार्जिंगवर चालतो, तो पहिल्या रात्री सर्वांच्या पुढे असतो व तिसऱ्या रात्री पेटीत असतो. म्हणून ज्यात चार्जिंगचा संच आणि पेन्सिल सेल असे दोन्ही चालतात, अशा दिव्यास आम्ही पसंती दिली. त्याचा झोत इतरांहून काहीसा दुबळा आहे, हे मुलांना रुचले नाही. ते आम्ही त्यांना स्पष्टपणे सांगूनच घेतले. पावसाळा संपला की सेल काढून ठेवणे अगत्याचे. विसरलेले सेल पाझरतात आणि आतल्या पट्ट्या पांढऱ्या भुकटीने खाऊन टाकतात.

किती दिवे पुरेत, याचे उत्तर ज्यांचे सारे आयुष्य ओल्या अंधारात जाते त्यांनी देऊन ठेवले आहे. जलमय गुहांत शिरणारे पाणबुडे प्रत्येकी निदान तीन स्वतंत्र दिवे जवळ बाळगतात. एक वापरण्याचा, दोन राखीव. २०१८ साली थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले व त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. त्यांना शोधून बाहेर काढणाऱ्यांत याच परंपरेतले पाणबुडे होते. (तेथील पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यास आपल्या महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही गेले होते.) एका दिव्यावर जीव टांगू नये, हा त्या मंडळींचा नियम मोठ्या अनुभवातून आलेला आहे. आम्हांस प्रत्येकी तीन परवडणारे नव्हते. प्रत्येकाच्या खिशात एक लहान, एका सेलाची विजेरी असावी, एवढे आम्ही ठरविले.

हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, बारा दिव्यांच्या पैशांत राखीव सेल व छोट्या विजेऱ्यांसह आठच दिवे येतात. मुले नाराज झाली. बारा जणांत आठ दिवे कसे वाटायचे? चौघांनी काय करायचे? त्याच सुमारास दारे धरण्यात ज्यांचा जन्म गेला असे एक वृद्ध शेतकरी तेथे बसले होते. आपल्या बॅटरीचा दोरीने बांधलेला पट्टा सैल करीत ते म्हणाले, “पोरांनो, उजेड लई नसला तरी चालतंय. पर मधीच गेला तर मानूस हाय तितंच उभा ऱ्हातोय. पान्यात उभं ऱ्हाऊन चालत न्हाय.” मग एकाने विचारले, “आणि ज्याच्याकडं दिवाच न्हाय, आबा?” ते म्हणाले, “त्यानं काठावर ऱ्हायचं. दोर धरायला बी मानूस लागतंयच की.”

तोच नियम झाला. आठ दिवे घेतले, आणि प्रत्येकाचा टिपकागद कोरडा निघाल्यावरच त्यावर नंबर घातला. आठ जण पाण्यात उतरतील, चौघे काठावर दोर धरतील. ज्याच्या कपाळावर दिवा नाही, त्याने कितीही धीट असला तरी पाण्यात पाय घालायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मुले एकत्र येतात, दिवे उघडतात, रबरी कडी फडक्याने पुसतात, दिवा लावून पाहतात आणि वहीत नोंद करतात. गेल्या खेपेस पाचव्या नंबरच्या दिव्याचे कडे फाटलेले सापडले. नवे येईपर्यंत तो दिवा ज्याच्या नावावर आहे, तो मुलगा आता काठावरच्या चौघांत पाचवा आहे.